रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी

आरएनएसाठी रक्त घेतलं की नळी हलवायची नसते, उलटीसुलटी करायची असते. आठ ते दहा वेळा, सावकाश. नळीत आधीच एक रसायन भरलेलं असतं. अडीच मिलिलिटर रक्त त्यात पडलं की बघता बघता लाल रंग जाऊन काळपट तपकिरी होतो. त्या रसायनाने पेशी फुटतात आणि त्या घटकेला पेशीत कुठल्या जनुकांचं काम चालू होतं, किती जोरात चालू होतं, याची नोंद आहे तशी टिकून राहते. नवीन मुलं-मुली कामाला आल्या की मी आधी हेच शिकवते. दंडाला पट्टा बांधून शीर शोधणं त्यांना येत असतं. पण ही नळी सगळ्यात शेवटी भरायची, हाताच्या खाली उभी धरायची म्हणजे आतलं रसायन उलटं शिरेत जाणार नाही, आणि भरल्यावर ती तशीच स्टँडमध्ये ठेवून पुढच्या माणसाकडे वळायचं नाही, हे सांगावं लागतं. साध्या नळीतलं रक्त टेबलावर तासभर पडून राहिलं, तर आपण शरीराबाहेर आलो आहोत हे पांढऱ्या पेशींना कळतं आणि त्यांची जनुकं त्याप्रमाणे वागू लागतात. मग आपण माणूस वाचत नाही, नळी वाचतो.

मी मूळची सांगलीची. जीवरसायनशास्त्रात एमएस्सी करून बेंगळुरूला आले ते एक-दोन वर्षांसाठी म्हणून, आणि इथलीच झाले. रक्तातून आरएनए काढायचा, तो धड आहे की तुटला आहे ते तपासायचं, सिक्वेन्सिंगला द्यायचा आणि परत आलेल्या आकड्यांत अर्थ आहे की नाही ते बघायचं, हे माझं काम. या कामातला मोठा भाग थायरॉईडच्या रुग्णांचा असतो, आणि माझं मन त्यातच जास्त रमतं. त्याचं एक कारण साधं आहे. हा आजार आपल्या घराघरांत आहे. २०१३ साली देशातल्या आठ शहरांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात मुंबई आणि गोव्याबरोबर बेंगळुरूही होतं. पाच हजारांहून जास्त प्रौढांचं रक्त तपासलं, तेव्हा जवळपास अकरा टक्के लोकांमध्ये थायरॉईड कमी पडत असल्याचं दिसलं. त्यात बायका पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त. माझ्या आईच्या पिढीतल्या किती जणींच्या उशाशी ती बारीक पांढरी गोळी असते, हे मला वेगळं मोजावं लागत नाही.

दुसरं कारण म्हणजे एक वाक्य. रक्त द्यायला आलेल्या बायका ते वेगवेगळ्या भाषांत म्हणतात. कन्नडमध्ये, तमिळमध्ये, उर्दूत, कधी बेळगावकडच्या मराठीत. रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी बरं वाटत नाही.

हे वाक्य काहींच्या घरी हसण्यावारी नेलेलं असतं, तर काहींना दवाखान्यात ‘मनाचे खेळ’ असं ऐकवलेलं असतं. मला त्याचा राग येतो. त्या सगळ्यांच्या थकव्याचं मूळ थायरॉईडच आहे, असा माझा दावा मुळीच नाही. रक्त कमी असेल, झोप नसेल, बी-१२ कमी असेल, घरात कुणाचं आजारपण असेल. पण ‘नॉर्मल’ या शब्दाने नेमकं काय मोजलं गेलं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मोजलेलं असतं टीएसएच. हे थायरॉईड ग्रंथीचं संप्रेरक नव्हे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, ती थायरॉईडला कामाला लावण्यासाठी टीएसएच सोडते. रक्तात थायरॉईडचं संप्रेरक कमी झालं की टीएसएच वाढतं, जास्त झालं की घटतं. टी-फोर हे थायरॉईडचं संप्रेरक थोडंसं हललं तरी टीएसएच पुष्कळ हलतं, म्हणून चाचणी म्हणून ते फार चांगलं आहे, आणि डॉक्टर त्यावर विसंबतात ते योग्यच आहे. पण टीएसएच नॉर्मल म्हणजे पिट्युटरीचं समाधान झालेलं आहे. काळजाच्या, स्नायूंच्या, कातडीच्या पेशींचंही झालं असेल, बहुतेकदा झालेलंच असतं, पण ते आपण प्रत्यक्ष विचारलेलं नसतं. मनीऑर्डर निघाल्याची पावती हातात असते, घरात धान्य आलं की नाही ते पावतीवर लिहिलेलं नसतं.

हे विचारायचं कसं? थायरॉईडचं संप्रेरक पेशीत जाऊन नेमकं करतं काय, ते समजलं तर विचारता येतं. आणि ते समजण्याच्या गोष्टीत आपल्या मुंबईचा आणि या बेंगळुरूचा वाटा आहे, हे मला इथे येऊन बराच काळ गेल्यावर कळलं.

मल्लेश्वरमच्या पुढे भारतीय विज्ञान संस्था आहे. तिथे जायचं तर जुने रिक्षावाले अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणूनच ओळखतात, कारण ती जमशेदजी टाटांच्या देणगीतून १९०९ साली उभी राहिली. मी सांगते आहे ते टाटा वेगळे. जमशेद रुस्तम टाटा, जन्म मुंबईत, १९३०. मुंबई विद्यापीठात शिकले, मग या संस्थेत आले, इथून पॅरिसला सोरबॉनला डॉक्टरेटसाठी गेले आणि पुढे कारकिर्दीचा बहुतेक काळ लंडनच्या मिल हिलमधल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत राहिले. त्याच संस्थेत रोझलिंड पिट-रिव्हर्स होत्या. त्यांनी जॅक ग्रॉस यांच्याबरोबर १९५२ मध्ये टी-थ्री शोधून काढलं होतं. तोवर थायरॉईडचं संप्रेरक म्हणजे टी-फोर, चार आयोडीन असलेलं, एवढंच माहीत होतं. एक आयोडीन कमी असलेलं टी-थ्री हेच पेशीत खरं काम करतं आणि टी-फोर हा बराचसा त्याचा साठा, हे चित्र त्यानंतर हळूहळू स्पष्ट झालं. पिट-रिव्हर्स आणि टाटा यांनी मिळून १९५९ मध्ये या संप्रेरकांवर एक ग्रंथही लिहिला.

त्या काळी सगळ्यांची समजूत अशी होती, की थायरॉईडचं संप्रेरक पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेवर थेट जाऊन आदळतं. थायरॉईड वाढलं की अंग तापतं, माणूस वाळतो, नाडी धावते. तेव्हा हा संबंध सरळच असणार, असं वाटणं साहजिक होतं. टाटांना खटकली ती वेळ. ग्रंथी काढलेल्या उंदराला टी-थ्री टोचलं तर त्याचा चयापचय ताबडतोब वाढत नाही. एक दिवस, दीड दिवस जातो. थेट आदळायचं असेल तर इतका वेळ कशाला? १९६३ मध्ये त्यांनी आरएनए बनणं रोखणारं ॲक्टिनोमायसिन हे औषध उंदरांना दिलं आणि मग टी-थ्री टोचलं. चयापचय वाढलाच नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दाखवलं, की संप्रेरक टोचल्यावर आधी केंद्रकात नवा आरएनए तयार व्हायला लागतो, मग नवी प्रथिनं बनतात, आणि त्यानंतर कुठे चयापचय हलतो. म्हणजे संप्रेरकाचा हुकूम सुटतो तो जनुकांना. बाकीचं त्यामागून येतं.

आज हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येतं. मला त्या दोन ओळी फार मोलाच्या वाटतात. गोळी सुरू केली आणि आठवड्यात फरक नाही म्हणून कुणी नाराज होऊन विचारतं, तेव्हा मी याच जोरावर सांगते, की औषध पोटात जाणं आणि अंगात उतरणं यांत वेळ जातोच. टी-फोरची रक्तातली पातळी निम्मी व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे ती स्थिरावायलाच पाच-सहा आठवडे हवेत. त्यानंतर जनुकं, मग प्रथिनं, मग माणसाला वाटणारं बरं.

टाटांनी नंतर बेडकांच्या पिल्लांवर काम केलं. बेडकाच्या पिल्लाचं शेपूट गळून पाय फुटतात ते याच संप्रेरकामुळे. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने पिल्लांना घोड्याची थायरॉईड ग्रंथी खायला घातली आणि ती वेळेआधीच बेडूक झाली, तेव्हापासून हे माहीत आहे. टाटांनी कापलेली शेपटं काचेच्या भांड्यात जगवली, टी-थ्री घातलं आणि ती तिथेच झिजताना पाहिली. आरएनए बनणं थांबवलं की झिजणंही थांबलं. शेपूट गळायलासुद्धा जनुकं सुरू व्हावी लागतात.

हुकूम घेतं कोण, हे कळायला १९८६ साल उजाडलं. आणि उत्तर रक्तातूनच आलं, तेही कोंबडीच्या. कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणारा एक विषाणू आहे. त्याच्यात अर्ब-ए नावाचं जनुक सापडलं होतं. कर्करोग घडवणारी विषाणूंची जनुकं मुळात पेशीतूनच उचललेली असतात, तेव्हा मूळचं जनुक काय करतं याचा शोध चालू होता. हायडेलबर्गचा व्हेनस्ट्रॉम यांचा गट आणि कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेतला इव्हान्स यांचा गट, दोघेही एकाच सुमाराला एकाच उत्तरावर पोचले. ते मूळ जनुक म्हणजे थायरॉईड संप्रेरकाचा रिसेप्टर. विषाणूतल्या बिघडलेल्या प्रतीला संप्रेरक धरताच येत नाही, त्यामुळे लाल पेशी व्हायला निघालेल्या कोवळ्या पेशी अर्ध्यात अडकतात आणि वाढतच सुटतात.

यातली एक गोष्ट मी नेहमी थांबून सांगते. हा रिसेप्टर संप्रेरकाची वाट बघत कुठे बाहेर थांबलेला नसतो. संप्रेरक नसतानाही तो डीएनएवर, ठरावीक जनुकांच्या शेजारी बसलेला असतो, आणि काही प्रथिनांना जवळ धरून ते जनुक दाबून ठेवतो. टी-थ्री येऊन बसलं की त्याचा आकार बदलतो, दाबणारी प्रथिनं सुटतात, दुसरी येतात आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. काही जनुकांच्या बाबतीत उलटंही घडतं. टीएसएचचं जनुक त्यातलंच, म्हणूनच संप्रेरक वाढलं की टीएसएच घटतं. पण मुद्दा असा, की थायरॉईड कमी पडणं म्हणजे नुसता अभाव नसतो. रिकामा रिसेप्टर जनुकांवर चेपून बसलेला असतो. उंदरांवरच्या कामात हे लख्ख दिसतं. जन्मतः थायरॉईड ग्रंथी न बनलेली पिल्लं दूध सुटायच्या सुमारास मरतात. त्याच पिल्लांमधला या रिसेप्टरचा अल्फा हा प्रकारही काढून टाकला तर ती जगतात. संप्रेरक नाही आणि ऐकणाराही नाही, ही अवस्था त्यांना परवडते. संप्रेरक नाही आणि ऐकणारा मात्र हजर आहे, हीच जीवघेणी ठरते.

‘अंगावर कुणीतरी बसलंय असं वाटतंय बघा,’ असं एका काकूंनी मला सांगितलं होतं. बेळगावकडच्या. थायरॉईडच्या कर्करोगासाठी त्यांची ग्रंथी काढलेली होती आणि किरणोत्सारी आयोडीनच्या तपासणीसाठी गोळी काही आठवडे बंद ठेवली होती. टीएसएच मुद्दाम वाढू द्यावं लागतं, म्हणजे राहिलेल्या पेशी आयोडीन ओढून घेतात. गोळी न थांबवता टीएसएचचं इंजेक्शन देऊनही हे साधतं, पण ते इतकं महाग आहे की आपल्याकडे पुष्कळांना गोळी बंद करण्याचाच मार्ग घ्यावा लागतो. बेंगळुरूची हवा तशी कुणालाही सोसवते, पण काकूंनी दुपारी स्वेटर घातला होता. आवाज घोगरा, पापण्या सुजलेल्या, बोलणं संथ. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, डोक्यात चालतंय सगळं, पण उठवत नाही. चहा टाकायचा म्हटलं तरी दहा वेळा ठरवायला लागतंय.’ शिरा इतक्या आत गेलेल्या की रक्त घेणाऱ्या आमच्या मुलीला दोन्ही हात बघावे लागले. मी त्यांचा तळवा दोन्ही हातांत धरून बसले, ऊब आल्यावर शीर मिळाली.

अशा रुग्णांचं रक्त आमच्या कामात फार मोलाचं असतं, आणि ते मागताना मला दर वेळी संकोच वाटतो, कारण त्यांच्या सगळ्यात वाईट दिवसांतच ते घ्यायचं असतं. एकाच माणसाचं रक्त दोनदा मिळतं. एकदा अंगात संप्रेरक जवळपास नसताना, एकदा गोळी परत सुरू होऊन टीएसएच ठिकाणावर आल्यावर. माणसामाणसांतला फरक हा संप्रेरकामुळे होणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. वय, लिंग, सर्दी-खोकला, रात्रीची झोप, सगळं रक्तात उतरतं. म्हणून काकूंची तुलना काकूंशीच करायची. रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रातल्या गटाने अशाच ग्रंथी काढलेल्या थोड्या रुग्णांचं गोळी बंद असतानाचं आणि चालू असतानाचं रक्त घेऊन त्यातला सगळा आरएनए वाचला आणि २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. साध्या शिरेतल्या रक्तात थायरॉईडची छाप शेकडो जनुकांवर दिसते, हे त्यातून पुढे आलं. यकृताचा किंवा हृदयाचा तुकडा कुणाकडे मागता येत नाही. रक्त मागता येतं.

पण रक्त वाचणं सोपं नाही, आणि माझे दिवस जातात ते इथे. माणसात सुमारे वीस हजार जनुकं प्रथिनं बनवणारी. प्रत्येकाची दोन वेळची तुलना केली आणि शंभरात पाच वेळा चूक चालेल असं धरलं, तर संप्रेरकाचा काही संबंध नसतानाही हजारभर जनुकं ‘बदललेली’ दिसतील. म्हणून गाळणी कडक लावावी लागते. त्यात रक्तातला निम्म्याहून अधिक संदेशवाहक आरएनए हिमोग्लोबिनचा निघतो. पक्व लाल पेशीत केंद्रक नसतं, पण नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशींत ग्लोबिनचा आरएनए ठासून भरलेला असतो. तो वेगळा काढला नाही तर बाकीचे आवाज ऐकूच येत नाहीत.

याहून अवघड गोष्ट पेशींच्या हजेरीची. थायरॉईड कमी असताना लाल पेशी कमी बनतात, पुष्कळांना पंडुरोग असतो. मग गोळी बंद असतानाच्या नळीत ग्लोबिनचा आरएनए कमी दिसला, तर ग्लोबिनचं जनुक दबलं असं म्हणायचं, की कोवळ्या लाल पेशीच कमी आहेत असं? लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल यांचं प्रमाण बदललं तरी असंच होतं. जनुक जिथल्या तिथे, पेशींची संख्या बदललेली, आणि आपण मात्र आलेखाकडे बघून हरखलेले. म्हणून त्याच वेळी साधी सीबीसी हवीच, पेशींची मोजणी हवीच, असा माझा हट्ट असतो. चर्चेत यावर बरेचदा वाद होतो, खर्च वाढतो म्हणून. मी मागे हटत नाही. दोन-तीनशे रुपयांच्या तपासणीवाचून हजारो रुपयांचं सिक्वेन्सिंग अर्थहीन होत असेल, तर तो खर्च वाचवणं नव्हे.

आणि घड्याळ. थायरॉईडचा हुकूम मानणाऱ्या जनुकांत केएलएफ-९ नावाचं एक जनुक फार भरवशाचं मानलं जातं. बेडकाच्या पिल्लाच्या मेंदूतही ते टी-थ्रीने चढतं आणि माणसाच्या पेशींतही. पण हेच जनुक कॉर्टिसॉलचंही ऐकतं, आणि कॉर्टिसॉल पहाटेपासून चढून सकाळी भरात असतं, दिवसभर उतरत जातं. एका वेळी सकाळी आठला आणि दुसऱ्या वेळी दुपारी तीनला रक्त घेतलं, तर केएलएफ-९मध्ये दिसलेला फरक थायरॉईडचा की घड्याळाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. बेंगळुरूच्या वाहतुकीत लोकांना ठरावीक वेळी पोचायला सांगणं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यांनाच कळेल. हेब्बाळच्या पुलावर अडकलेल्या माणसाचा फोन येतो, माझा जीव खालीवर होतो, आणि शेवटी तो धापा टाकत येतो तेव्हा त्याला आधी वीस मिनिटं शांत बसवावं लागतं.

सकाळी गेटवरचे अण्णा सगळ्यांना ‘तिंडी आयता?’ विचारतात, नाश्ता झाला का म्हणून. रक्त द्यायला आलेले लोक हात हलवून नाही म्हणतात. उपाशीपोटी यायचं, सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, कारण गोळीनंतर काही तास टी-फोर तात्पुरतं चढलेलं असतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधीच सांगायचं, कारण काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटंच कमी दिसतं. आणि फिल्टर कॉफी. या शहरात दिवसाची सुरुवात तिच्याशिवाय होत नाही, आणि कित्येक जण गोळी त्याच घोटाबरोबर गिळतात. कॉफीने ती गोळी नीट शोषली जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही तेच होतं, त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. रिपोर्ट वर-खाली होण्याचं कारण जनुकांत शोधण्याआधी मी कपात शोधते, आणि पुष्कळदा ते तिथेच सापडतं.

रक्तातली जनुकं वाचण्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी एका मुलीची गोष्ट सांगते. केंब्रिजच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये ती जगापुढे मांडली. सहा वर्षांची मुलगी, वाढ खुंटलेली, हाडं नीट न घडलेली, तीव्र बद्धकोष्ठता. थायरॉईड नसलेल्या मुलाची सगळी चिन्हं. टीएसएच मात्र नॉर्मल, आणि संप्रेरकांच्या आकड्यांतही डोळ्यात भरावं असं काही नाही. तिच्या अल्फा रिसेप्टरच्या जनुकात बिघाड होता. पिट्युटरी मुख्यतः बीटा या दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरवर चालते, तो धड होता, म्हणून पिट्युटरीला सगळं ठीक वाटत होतं. हाडांना आणि आतड्यांना अल्फा लागतो. डॉक्टरांनी तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतल्या, त्यांना टी-थ्री दिलं आणि केएलएफ-९ चढतं का ते पाहिलं. इतरांच्या पेशींत चढतं तसं तिच्या पेशींत चढेना. रक्ताने सांगितलं, की हुकूम पोचतो आहे पण ऐकला जात नाही. हा आजार दुर्मीळ आहे. थकवा आलेल्या प्रत्येकीला तो असतो, असं कुणीही समजू नये. पण टीएसएच नॉर्मल असूनही शरीराचा एखादा भाग थायरॉईडवाचून असू शकतो, हे त्या मुलीने पक्कं करून ठेवलं.

म्हणूनच मला दोन्ही टोकांची माणसं अस्वस्थ करतात. एक म्हणतात, टीएसएच ठीक आहे ना, मग विषय संपला. दुसरे जनुकांच्या तपासणीची पॅकेजं विकतात आणि तुमचा थायरॉईड पेशीत पोचतो की नाही ते सांगतो, असं छापतात. आज अशी कुठलीही तपासणी नाही, जिच्या आधारे गोळीचा डोस ठरवावा. शिवाय पांढरी पेशी सांगते ती स्वतःची हकिगत. मेंदूत टी-फोरचं टी-थ्री करणारं एन्झाइम वेगळ्या तऱ्हेने चालतं, यकृतात वेगळ्या. रक्तात सगळं ठीक म्हणून मेंदूत ठीक, असं म्हणणं ही पुन्हा जुनीच घाई होईल, फक्त महागडी.

काकू गोळी सुरू झाल्यावर ठरल्याप्रमाणे परत आल्या. शीर पहिल्या फटक्यात मिळाली. रक्त दिल्यावर म्हणाल्या, ‘तो माझा दुसरा रिपोर्ट द्या की, जनुकांचा.’ मी त्यांना सांगितलं, की तो तुमच्या उपचारासाठी नाही, तुमच्या डॉक्टरांना त्यातून काही ठरवता येणार नाही. त्यांनी विचारलं, ‘मग कुणाच्या उपयोगाचा?’ मी त्यांना केंब्रिजच्या मुलीबद्दल सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, की ती पोर आता कशी आहे. मी म्हटलं, तिचा आजार कळल्यावर तिच्यासारखी आणखी मुलं जगभर ओळखली गेली, काहींना संप्रेरकाची गोळी देऊन थोडाफार फायदा झाला.

पुढची तुकडी ठरली आहे. ग्रंथी काढलेल्यांबरोबर या वेळी अशाही बायका असतील, ज्यांचं टीएसएच गोळीने बरेच महिने नॉर्मल आहे आणि तरी तक्रार उरली आहे. त्यांची छाप गोळी बंद असलेल्यांकडे झुकते, की निरोगी माणसांकडे, हे बघायचं आहे. कदाचित काहीच फरक दिसणार नाही, आणि तसं दिसलं तर तेही तितक्याच ठळकपणे लिहायचं, हे मी आधीच सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आहे. सगळ्यांचं रक्त सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान, गोळीच्या आधी, कॉफीच्या आधी. बरोबर सीबीसी, बी-१२ आणि फेरिटिन, म्हणजे ज्यांचा थकवा साध्या कारणाचा आहे त्यांना त्याच आठवड्यात औषध मिळेल. संमतीपत्रक कन्नड, तमिळ, उर्दू आणि इंग्रजीत होतं. मराठीतलं मी स्वतः लिहून दिलं आहे.